त्याच्या वडिलांचं काय?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी 24 वर्षांची आहे, बी.कॉम. झालंय. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात आमचं शेतमालाचं आडत दुकान आहे. दुकानाचं टॅली आणि जीएसटी मीच बघते. माझं ज्याच्यावर प्रेम आहे त्याचे वडील त्याच मोंढ्यात (शेतमालाच्या बाजारात) हमाल आहेत, आमच्या दुकानावरही त्यांची टोळी येते. तो आयटीआय करून महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून लागलाय, दीड वर्ष झालं. आमची जात एकच, पोटजातही एकच. तरी घरी कळलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही. बाबांना कसं सांगू? की सरळ आळंदीला जाऊन लग्न करून टाकावं?"

पोरी, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात बाबा आहेत, घर आहे, तू आहेस, तो आहे. त्याचे वडील मात्र "हमाल आहेत" एवढ्याच दोन शब्दांत येऊन गेले. मी 27 वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. लग्न जमवणारी आणि मोडणारी, दोन्ही कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. तुमच्यासारख्या जोडप्यांत खरी झीज कुणाची होते हे मला आता पाठ झालंय. म्हणून मी उत्तर त्या दोन शब्दांपासून सुरू करते.

तुमच्या घरी कळलं त्या दिवशी तुझ्यावर आरडाओरडा होईल, मोबाईल जाईल, आत्या येऊन रडेल. पण पोट आधी कुणाचं मारलं जाईल? दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दुकानासमोर गाडी लागेल आणि मुकादमाला सांगितलं जाईल, "ही टोळी नको." शेजारच्या दोन आडती तुमच्या भावकीतल्या असतील तर तिथेही तेच. तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस झाडाखाली बसून राहील आणि का बसलाय हे सगळ्या मोंढ्याला ठाऊक असेल. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, माथाडी मंडळाकडे नोंद असेल तर मजुरी, भविष्य निर्वाह निधी यांना काही संरक्षण आहे. पण हमालाला त्रास द्यायला त्याला काढावंच लागतं असं नाही. त्याच्या टोळीला उशिरा बोलवा, हिशेबाला ताटकळत ठेवा, झालं. मोंढ्यात वाढलेल्या मुलीला हे मी काय सांगावं.

तेव्हा पहिलं काम. तुझ्या बाबांना कळायच्या आधी त्याच्या आईवडिलांना हे पूर्ण माहीत हवं, आणि ते त्याने स्वतः सांगायला हवं. "आपल्यावर हे येऊ शकतं, चालेल का?" असं विचारून. त्यांनी नाही म्हटलं तर तो नकार तुझ्या बाबांच्या नकाराइतकाच जड धर. त्यांची नोंदणी आहे का, हजेरी आणि पैसे मंडळाच्या खात्यातून जातात का, टोळी बदलता येईल का, हे आधी बघून घ्या. मुलगा नोकरीला लागल्यावर बरेच हमाल तसेही काम कमी करतात. त्यांनाच थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते थांबणं त्यांचं असावं, तुझ्या बाबांनी थांबवलेलं नव्हे.

आता "जात एकच, मग अडचण काय" याबद्दल. मला वाटतं तुला ही अडचण नीट कळलेली नाही, आणि तुझ्या बाबांनाही ती शब्दांत सांगता येणार नाही. ते "तोलामोलाचं स्थळ नाही" म्हणतील. तोलामोल हा शब्द तसा काट्यावरचाच. पण नुसता पैसा कमी हे कारण नसतं. आपल्याकडे लग्नात मुलीकडचा खाली आणि मुलाकडचा वर. मुलीच्या बापाने जावयाचे पाय धुवायचे, व्याह्याला फेटा बांधायचा, विहिणीचा मान करायचा, पंगतीत "काही कमी पडलं का" म्हणत हात जोडून फिरायचं. एरवी मुलगी वरच्या घरी दिलेली असते, म्हणून हे वाकणं कुणाला खुपत नाही. तुमच्यात काय होणार? ज्याला "ए, ते कट्टे तिकडं लाव" म्हणून हाक मारली, त्याच्याच डोक्यावर सगळ्या बाजारपेठेदेखत फेटा बांधायचा. तुझ्या बाबांच्या पोटात गोळा येणार आहे तो याचा. उलट्या बाजूचं लग्न, म्हणजे आडत्याचा मुलगा आणि हमालाची मुलगी, कुरकुर होऊनही पुष्कळदा पार पडतं. सून खालच्या घरची आणावी असं जुनी माणसं बोलूनच दाखवतात. ती लग्नं सुखाची होतात असं मात्र नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीची आई त्याच गल्लीत धुणीभांडी करायची. लग्नानंतरही करत राहिली, आणि लेकीच्या घरी यायचं तर मागच्या दाराने. लेक वरच्या मजल्यावरून बघायची. त्या मुलीचा संसार टिकला, पण आईच्या मृत्यूनंतरही तिने सासूला माफ केलं नव्हतं.

म्हणून कायद्याकडून या बाबतीत फार आशा धरू नकोस. कायदा जात ओळखतो. आंतरजातीय लग्नाला शासन 50,000 रुपयांचं अनुदान देतं, त्यासाठी जातीचे दाखले लागतात. आडत्याची मुलगी आणि हमालाचा मुलगा यांच्यातलं अंतर दाखवणारा दाखला कोणत्याच तहसीलमध्ये मिळत नाही. तुमचं लग्न सरकारच्या लेखी अगदी साधं, जातीतलं लग्न.

आळंदीबद्दल विचारलंस. आळंदीला लागलेलं लग्न खोटं नसतं, हे आधी स्पष्ट करते. तो 21 वर्षांचा, तू 18 ची झालेली असलीस, कुणाचं आधीचं लग्न नसलं आणि विधी प्रत्यक्ष झाले की लग्न झालं. गोंधळ होतो तो "सर्टिफिकेट मिळालं म्हणजे झालं" असं समजणाऱ्यांचा. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही. तेव्हा लग्न कुठेही लावा, विधींचे फोटो, लावणाऱ्याचं नाव, ओळखीचे तीन साक्षीदार आणि मग रीतसर नोंदणी, हे सगळं हवं. विशेष विवाह कायदा, 1954 चा, तोही तुम्हाला खुला आहे. त्यात विधींची गरज नाही, पण 30 दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागते. लहान जिल्ह्यात तो फळा कुणी ना कुणी वाचतंच. माझ्या एका पक्षकाराच्या घरी ही बातमी स्टॅम्प विकणाऱ्याने पोचवली होती, नोटीस लागल्यापासून दोन तासांत.

पळून जाण्यात मला कायद्याची अडचण दिसत नाही. तुम्ही दोघं सज्ञान आहात. घरच्यांनी मिसिंगची तक्रार दिली तर पोलीस ठाण्यात जाऊन "मी स्वखुशीने गेले" असा जबाब द्यायचा, प्रकरण तिथे संपतं. सज्ञान माणसाने कुणाशी लग्न करावं यात घरच्यांना जबरदस्ती करता येत नाही आणि पोलिसांनी जोडप्याला संरक्षण द्यावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितलं. 2018 मध्ये तर प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा हवा असे निर्देश दिले. जिवाला धोका वाटत असेल, घरात कुणी मारहाण करणारं असेल, स्थळ ठरवून तारीख काढली असेल, तर माझं पुढचं सगळं लांबण बाजूला ठेव आणि सरळ नीघ. 112 ला फोन कर, पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज दे. अशा वेळी थांबा म्हणणारा सल्लागार मूर्ख.

पण तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुझ्या पत्रात भीती आहे ती बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याची. त्यासाठी पळू नये.

माझी एक चूक सांगते. वकिलीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका कापड दुकानदाराच्या मुलीचं आणि एका कंपाउंडरच्या मुलाचं लग्न मी दोन दिवसांत लावून दिलं होतं. तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटला. वर्षभराने बाळ झालं आणि आजोबा विरघळले. कोर्टात आम्ही पेढेही खाल्ले. आजोबांनी जावयाला प्लॉट दिला, दुकानाच्या शेजारचा गाळा रिकामा करून मोबाईलचं दुकान टाकून दिलं. पाट्या बदलल्या, गाडी आली. तीन वर्षांनी तोच मुलगा माझ्यासमोर बसला, घटस्फोट हवा म्हणून. मारहाण नाही, व्यसन नाही, बाई नाही. खूप वेळाने बोलला. त्याचे वडील एक दिवस दुकानावर आले. काउंटरवर मेहुणा होता. त्याने त्यांना ओळखलं, "या काका" म्हणाला आणि बाहेरच्या पायरीवर बसवलं. आतून चहा आला, कागदाच्या कपात. आत बसलेल्या गिऱ्हाइकांना काचेच्या ग्लासात. वडील चहा पिऊन गेले, काही बोलले नाहीत. मुलगाही काही बोलला नाही, कारण गाळा सासऱ्यांचा होता. त्या दिवसापासून तो घरी बायकोशी नीट बोलेनासा झाला. तिला कारणच ठाऊक नव्हतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली दोघांनी संमतीने सह्या केल्या तेव्हा ती मला म्हणाली, "मॅडम, एका कपासाठी?" मी तेव्हा गप्प बसले. आज बसले नसते. तो कप कुणाच्या पैशाचा होता हे तिला सांगितलं असतं.

असे संसार घरच्यांच्या विरोधाने मोडलेले मी कमी पाहिले. विरोध असतो तोवर दोघं एकमेकांना धरून असतात, दोन खोल्यांत चटणी-भाकरी गोड लागते. मोडतात ते समेटानंतर, मदत यायला लागल्यावर. म्हणून "बाबांना कसं सांगू" याच्या आधी तुम्ही दोघांनी ठरवून ठेवा की बाबा मानले तर काय काय घ्यायचं नाही. घर घ्यायचं नाही. दुकानात नोकरी किंवा भागीदारी घ्यायची नाही. त्याने महावितरण सोडून मोंढ्यात मुनीमगिरी करायची, हे तर कुठल्याच परिस्थितीत नाही. बाळंतपण, सणाचे कपडे, नातवाला सोन्याची साखळी, हे चालेल, कारण ते दोन्हीकडून होतं. त्याच्या आईने आणलेलं अर्ध्या ग्रॅमचं डोरलं तू गळ्यात घालशील आणि बाबांची साखळी पेटीत राहील, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

याच्या जोडीला एक कागदाची गोष्ट. समेटाच्या दिवशी, अगदी पेढे वाटत असताना, तुझा भाऊ किंवा चुलता एक कागद पुढे करेल. हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद. "फक्त एक सही, बाबांच्या समाधानासाठी." 1994 पासून महाराष्ट्रात आणि 2005 च्या दुरुस्तीने देशभर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालाने तो आणखी पक्का झाला. प्रेमविवाह केल्याने तो जात नाही. बाबांनी स्वतः कमावलेलं ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तिथे तुझा आग्रह चालणार नाही. तू वाटा मागायला जावंस असं मी म्हणत नाही, निदान पहिली काही वर्षं विषयही काढू नकोस. पण रडत रडत सही करू नकोस. "वकिलांना दाखवते" म्हण आणि कागद पर्समध्ये ठेव. त्या क्षणी बाबांचा चेहरा बघितलास की समेट मनापासून आहे की नाही हेही कळेल.

वेळेचं बोलू. विद्युत सहायकाला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, मग तंत्रज्ञ म्हणून कायम. म्हणजे त्याचं अजून दीड वर्ष आहे. ते जाऊ दे. तू तोवर काय करायचं ते सांगते, आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तू दुकानाचं टॅली बघतेस, जीएसटी भरतेस. पगार किती मिळतो? बहुतेक शून्य. घरचं काम म्हणून. लातूरला किंवा तुमच्याच गावात एखाद्या सीएच्या ऑफिसात काम धर. घरी कारण सांगायला अवघड नाही, "अनुभव मिळतो" म्हण. तुझ्या नावाचं बँक खातं, त्यात तुझे कमावलेले पैसे, आणि त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर तुझा. हे हसण्यावारी नेऊ नकोस. बऱ्याच मुलींच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा नंबर असतो. घराबाहेर पडल्यावर पहिला ओटीपी घरीच जातो. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, पासबुक, सगळं तुझ्या हाताशी हवं.

आणि या दीड वर्षात त्याच्या घरी दोन-चार वेळा जाऊन ये. मैत्रिणीबरोबर जा, उन्हाळ्यात जा. प्रेमात गरिबी चित्रातल्यासारखी दिसते. पत्र्याचं घर एप्रिलच्या दुपारी कसं तापतं ते पत्र्याखाली बसल्याशिवाय कळत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा तू शाळेत असशील. तुमच्या घरी बोअर असेल, टाकी असेल. त्यांच्या घरी त्या वर्षी घागरी घेऊन कोण उभं राहत होतं ते त्याच्या आईला विचार.

पण तुला गरिबीचाच त्रास होईल असंही मी गृहीत धरत नाही. एका डॉक्टरांच्या मुलीने शिंप्याच्या मुलाशी लग्न केलं, घरात एकच खोली आणि एकच पंखा. तिला मी विचारलं, सगळ्यात कठीण काय गेलं? ती म्हणाली, "सासूबाई बाहेर झोपायच्या. मला पंखा मिळावा म्हणून. सहा महिने मी त्यांना आत या म्हणत होते, त्या 'मला बाहेरच बरं वाटतं' म्हणायच्या. मला ताटात पहिली पोळी, मला चांगला कप. मी सून नव्हतेच, पाहुणी होते." शेवटी तिने एका रात्री अंथरूण उचललं आणि सासूच्या शेजारी अंगणात टाकलं. दोघींचं भांडण झालं, शेजारी जागे झाले. तिच्या मते त्या रात्रीपासून ती त्या घरची झाली. तिच्या वडिलांना यायला चार वर्षं लागली. आले तेव्हा शिंप्याने दोनच अटी घातल्या होत्या, पैशाचं पाकीट आणायचं नाही आणि जेवल्याशिवाय जायचं नाही. डॉक्टरांचे गुडघे गेलेले, खुर्ची दिली तरी ते सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसले. उठताना व्याह्याने हात दिला. पुढे त्यांचं फार सख्य झालं असं नाही, वर्षातून दोनदा भेटतात. पण संसार चालू आहे.

बाबांना सांगायचं कसं, यावर आता थोडं. हंगामात नाही. सोयाबीनची आवक चालू असताना आडत्याचं डोकं ठिकाणावर नसतं, मार्चएंडलाही नाही. तुरीची गडबड ओसरली की, आणि तुला बघायला पाहुणे यायला लागायच्या आत. एकदा बैठक होऊन सुपारी फुटली की बाबांचा शब्द गेलेला असतो, मग ते तुझ्याशी भांडत नाहीत, स्वतःच्या शब्दाशी भांडतात. आईला आधी सांग, पण आईला निरोप्या करू नकोस. नाहीतर "तुझ्याच लाडाने" हे वाक्य ती जन्मभर ऐकेल. मोंढ्यातला कुणी मध्यस्थ घालू नकोस, तो कितीही सज्जन असला तरी. हा विषय बाजारातल्या माणसाने काढला की बाबांपुढे नाही म्हणण्याशिवाय मार्ग उरत नाही. तूच सांग, सकाळी, दुकानात जायच्या आधी, उभ्या उभ्या नाही. आणि "तो खूप चांगला आहे" याने सुरुवात करू नकोस. त्याची नोकरी, तारीख, पगार, तुझा पगार, राहणार कुठे, हे सांग. आडत्याला आकडे कळतात. रडणं नंतर.

फेट्याचा आणि पाय धुण्याचा प्रश्न उरतोच. त्यावर मी काही घरांना सत्यशोधक पद्धत सुचवली आहे. 1873 पासूनची आपल्या मातीतली रीत आहे. कन्यादान नाही, वधूवर एकमेकांना शब्द देतात, खर्च थोडा. वाकण्याचा प्रसंगच येत नाही, त्यामुळे दोन्ही बापांची सुटका होते. एका सावकाराने ती पद्धत "पुरोगामी आहे" म्हणून मिरवत स्वीकारली. खरं कारण मला ठाऊक होतं. असू दे, लग्न तर लागलं.

शेवटचं, जरा कडू आहे. तुझ्या मनात "मी एवढं सोडून आले" हा हिशेब कुठेतरी सुरू झालाय का, ते तपासून बघ. आणि त्याच्या मनात "मालकाची पोरगी" हा शब्द कधी येतो का, तेही. येत असेल तर त्यात लाज नाही. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन तुमच्या दुकानावर आलेला पोरगा आहे तो, त्याने तुला गल्ल्याशेजारी बसलेलं पाहिलेलं असणार. पण हे त्याला तुझ्यासमोर बोलता येणार नाही.

म्हणून भेटायला यायचं ठरवलंत तर सोबत येऊ नका. आधी त्याला एकट्याला पाठव. शनिवारी दुपारी मी ऑफिसात असते.